भरमार, रानडुक्कर आणि लेखी कारण

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम मुंबई-पुण्याच्या वाचकाला रुक्ष वाटेल. यवतमाळ जिल्ह्यात तुरीच्या शेतात रात्र-रात्र जागली केलेल्या माणसाला मात्र ते आपल्यासाठीच लिहिले असावे असे वाटेल. बंदुकीचा परवाना कोणाला द्यायचा हे सांगताना हे कलम अर्जदारांच्या दोन रांगा करते. पहिल्या रांगेत, किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणारा नागरिक उभा आहे आणि त्याच्या शेजारीच पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी. विदर्भात या बंदुकीला भरमार म्हणतात. भरमार पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याच शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, असेही कायदा पुढे म्हणतो. दुसऱ्या रांगेत बाकीचे सगळे आहेत. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल मागणारे त्याच रांगेत येतात. त्यांच्याकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्याशिवाय त्यांना परवाना नाही.

म्हणजे कमरेला खोचायच्या हत्यारापेक्षा खांद्यावरच्या बंदुकीवर कायद्याने अधिक भरवसा ठेवला. चौदाव्या कलमात तर आणखी एक वाक्य आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. झरी जामणीच्या डोंगरात दोन-तीन एकर कोरडवाहू कसणाऱ्या कोलाम आदिवासीचा अर्ज आणि वणीच्या एखाद्या बड्या व्यापाऱ्याचा अर्ज या वाक्याने एका पातळीवर आणून ठेवले. कायद्यातली अशी वाक्ये सहसा कोणी वाचत नाही. पण शंभर वर्षांचा एक झगडा त्यांच्यामागे उभा आहे, आणि त्या झगड्यात वऱ्हाडचाही वाटा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मुलखात हत्यार ही घरातली नेहमीची वस्तू होती. पेंढाऱ्यांच्या धाडी, नाईकांच्या टोळ्या, त्यांच्या भीतीने गावोगावी उभारलेल्या गढ्या असा तो काळ. एप्रिल १८१८ मध्ये पळत्या बाजीराव पेशव्याच्या फौजेला इंग्रजांनी पांढरकवड्याच्या परिसरातच गाठले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, आणि पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच राहिल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या आदेशांनी लावावे लागत. राज्य कोणाचे हा प्रश्न कागदावर असा लोंबकळत होता. गावातली हत्यारे मात्र त्याची वाट न पाहता मोजली जाऊ लागली.

१८५७ च्या उठावाने इंग्रजांना धडकी भरली होती. त्याच वर्षी हत्यारांवर निर्बंध आणणारा पहिला कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत तिसरा, सर्वांत कडक. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही १८७८ चाच. शस्त्र कायद्याचा खरा सल त्याच्या नियमांत होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला परवान्यातून सूट होती, देशी माणसाला नव्हती. शेजारच्या बंगल्यातला गोरा मळेवाला विनापरवाना बंदूक बाळगणार आणि रानडुकरांनी ज्वारी लोळवलेल्या शेतकऱ्याने साहेबाच्या दारात उभे राहायचे, हा अपमान सुशिक्षितांना जेवढा लागला तेवढाच पाटलालाही लागला असणार.

काँग्रेसने हा प्रश्न लवकर हाती घेतला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, शस्त्र कायद्यात सुधारणा मागणारा ठराव झाला. त्यानंतर ही मागणी अधिवेशनांतून पुन्हा पुन्हा येत राहिली. दरम्यान महाराष्ट्रात सरकारची भीती बंदुकीवरून पिस्तुलावर सरकली होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले ते इंग्लंडहून लपवून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. धोतरात लपणारे हत्यार आणि खांद्यावर दिसणारे हत्यार यांत सरकारने केलेला फरक स्वतंत्र भारताच्या कायद्यातही टिकला. त्याची मुळे या वर्षांत सापडतात.

पहिल्या महायुद्धानंतर, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या काळात, वंशावर आधारलेली सूट काढून टाकण्यात आली. परवाना मात्र राहिला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करणे ही त्यातली एक, आणि सगळ्या देशाच्या लक्षात राहिलेली तेवढीच. अकरावी मागणी होती आत्मसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली बंदुकीचे परवाने देण्याची. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या नेत्याने ती केली होती, हे विसरता कामा नये. निःशस्त्र ठेवलेली प्रजा आणि स्वेच्छेने शस्त्र न उचलणारी प्रजा यांतले अंतर त्यांना नीट माहीत होते.

वऱ्हाडात मीठ बनवायला समुद्र नव्हता, म्हणून तिथे त्याच वर्षी जंगल सत्याग्रह झाला. मूळचे वणीचे आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापले आणि तुरुंगवास पत्करला. हातात होता तो विळा. वरवर पाहता या घटनेचा बंदुकीच्या परवान्याशी संबंध नाही. तरी दोन्ही गोष्टींच्या तळाशी गावकऱ्याचा एकच सवाल होता. माझ्या बांधापलीकडचे रान, त्यातले गवत आणि त्यातून माझ्या शेतात येणारे जनावर यांच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा? जंगल राखीव झाले तेव्हा गवतासाठी परवानगी लागू लागली, आणि त्या जंगलातल्या जनावरापासून पीक वाचवायला बंदुकीची.

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत होता. सतरा वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, तोच ठराव संविधान सभेत आठवला गेला. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. चोरांना आणि खुन्यांनाही हा हक्क मिळणार का, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. संविधानात अखेर उतरले ते एकोणिसाव्या अनुच्छेदातले शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचे स्वातंत्र्य. ज्या प्रांतात यवतमाळ होते त्या प्रांताच्या प्रतिनिधीने मागितलेला हक्क त्या प्रांतालाही मिळाला नाही आणि देशालाही नाही. फाळणीच्या कत्तली दीड वर्षही मागे पडल्या नव्हत्या. त्या पार्श्वभूमीवर आंबेडकरांचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

पण हक्क नाकारल्यावर उरते काय? उरतो तो परवाना, आणि परवाना देणाऱ्याची मर्जी. १९५९ च्या कायद्याने ही मर्जी बांधून टाकायचा प्रयत्न केला. १९६२ मध्ये नियमांसह तो अमलात आला. परवाना नाकारायचा तर कारण लेखी नोंदवायचे आणि अर्जदाराने मागितले तर त्याचा थोडक्यात गोषवारा त्याला द्यायचा. लोकहिताला बाध येत असेल तरच तो रोखता येतो. कलेक्टरने, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्याने, नाकारले तर अपील आहे. यवतमाळकरासाठी ते अमरावतीला विभागीय आयुक्तांपुढे. आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर नागपूर खंडपीठात रिट याचिका. भारतातली परवान्याची सगळी न्यायालयीन लढाई या एका लेखी कारणाभोवती फिरत आली आहे.

अलाहाबाद उच्च न्यायालयात ती सर्वांत जोरात झाली. १९९३ मध्ये अल्मोड्याच्या एका प्रकरणात न्या. मार्कंडेय काटजू यांनी, शस्त्र बाळगण्याचा हक्क हा एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले. साध्या बंदुकीच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर परवाना मिळाला असे समजावे, इथपर्यंत तो निकाल गेला. काही वर्षांतच त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो मोडीत काढला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना हत्यारांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेताना पुन्हा सांगितले की, अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही.

अमेरिकेत नेमके उलटे घडले आहे. न्यूयॉर्क राज्यात १९११ पासून पिस्तुलाला परवाना लागतो. ते सोबत बाळगायचे तर खास कारण दाखवावे लागे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. मेरीलँड राज्यात पिस्तूल विकत घेण्याआधीच बोटांचे ठसे आणि प्रशिक्षण मागणारा परवाना आहे. त्याविरुद्धची लढाई अपिलात २०२४ मध्ये हरली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला. तिथे नागरिक कायद्यालाच आव्हान देतो. आपल्याकडे कायदा अबाधित राहतो आणि आव्हान दिले जाते ते एका अधिकाऱ्याच्या एका सहीला. परवान्याच्या सक्तीला देशातच एक अपवाद आहे. कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातून पूर्वापार सूट आहे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. उमरखेडपासून मारेगावपर्यंत कोणालाही अशी सूट कधी मिळाली नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याची खरी अडचण वेगळ्याच कायद्याने वाढवली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. ती संपली हे उत्तम झाले. नाहीतर पैनगंगेच्या खोऱ्यात आज पाहायला वाघ उरला नसता. पण त्या कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने एक गाठ मारून ठेवली. अभयारण्यात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वन विभागाकडे नाव नोंदवायचे. आणि त्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय बंदुकीचा नवा परवाना द्यायचा नाही.

टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले १९९७ मध्ये, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. पांढरकवडा आणि घाटंजीकडची कितीतरी शेते त्या वर्तुळात येतात. रानडुकरांचे कळप आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, टोळके सगळ्यांत आधी याच शेतांत उतरतात. हरभरा उगवला की रोही, शेंगा भरल्या की डुक्कर. म्हणजे ज्याला शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमाने पहिल्या रांगेत उभे केले, त्याला वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने आणखी एका दारात पाठवले. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. अभयारण्याच्या कडेला बंदुका वाढू नयेत हे वाघासाठी आवश्यक आहे. मात्र दोन कायद्यांच्या मधल्या पट्टीत उभ्या असलेल्या माणसाचा विचार कोणीच पूर्ण केला नाही, असे या इतिहासाकडे पाहताना वाटत राहते.

बंदूक मिळाली तरी जनावर मारण्याची परवानगी वेगळी. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात, उभ्या पिकाला धोका ठरलेल्या जनावराला मारण्याची मुभा अधिकारी लेखी आदेशाने देऊ शकतो, आणि पुन्हा तेच: कारण नमूद करून. महाराष्ट्राने रानडुक्कर आणि रोह्यांसाठी ही प्रक्रिया सोपी करणारे आदेश काढले. पण दोन कागद हातात येईपर्यंत तूर उभी राहत नाही. म्हणून शेतकरी फटाके फोडतो, डबे वाजवतो, ऐपत असेल तर सौर झटका मशीन बसवतो. आणि काही ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते. तिने डुक्कर मरते, वाघ मरतो, कधी शेजारचा माणूसही. बंदुकीचा परवाना अवघड करून आपण हिंसा कमी केली असे मानणाऱ्याने या तारांकडेही पाहिले पाहिजे.

एक जनावर मारायला दोन वेगळे कागद लागतात हे सगळ्या देशाला कळले ते याच जिल्ह्यात, २०१८ च्या शेवटी. पांढरकवडा आणि राळेगावच्या पट्ट्यात जून २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूशी टी-१ वाघिणीचे नाव जोडले गेले. वन्यजीवप्रेमी तिला अवनी म्हणत. लोक शेतात जायला घाबरत होते, गुराख्यांनी गुरे रानात सोडणे थांबवले होते. ४ सप्टेंबर २०१८ रोजी वन विभागाने आदेश काढला. तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, ते शक्य झाले नाही तर मारावे. आदेशाला नागपूर खंडपीठात आव्हान दिले गेले, तिथे यश आले नाही. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. हा पहिला कागद न्यायालयाच्या कसोटीतून पार पडला.

दुसऱ्या कागदाचा प्रश्न गोळी सुटल्यावर आला. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ वाघीण मारली गेली. तिचे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे मागे राहिले. वन विभागाने नेमलेले शिकारी होते हैदराबादचे शफत अली खान. गोळी झाडली ती त्यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी, आणि वडील त्या वेळी घटनास्थळी नव्हते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने जे आक्षेप नोंदवले त्यांत शस्त्र कायद्याच्या भंगाचाही आक्षेप होता. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, अशी असगर अली यांची बाजू होती. शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक स्वतःच्या परवान्याशिवाय नेता येते ती ठरावीक परिस्थितीतच: परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तीही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी.

त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर वाघीण, वनमंत्री आणि राजीनाम्याच्या मागण्या एवढेच गाजले. ज्या तेरा घरांत माणूस परत आला नाही त्यांच्याबद्दल फार थोडे बोलले गेले, आणि बंदुकीच्या परवान्याबद्दल त्याहूनही कमी. खरे तर बोराटी, सराटी, लोणी या गावांतल्या माणसांना कायद्याची कडक बाजू रोजची ओळखीची होती. त्यांच्यापैकी कोणी पिकात शिरलेल्या डुकरावर काकाच्या नावावरची भरमार चालवली असती, तर तिसऱ्या कलमाची त्याला लगेच आठवण करून दिली गेली असती. सरकारने बोलावलेल्या नेमबाजालाही तेच कलम तितक्याच काटेकोरपणे लागू आहे, हे चौकशी अहवालाने नोंदवले. या प्रकरणातून जिल्ह्याच्या हाती काही टिकाऊ आले असेल तर ते हेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये या प्रकरणात अधिकाऱ्यांविरुद्ध दाखल झालेली अवमान याचिकाही सर्वोच्च न्यायालयातून मागे घेण्यात आली.

वाघीण मारली गेल्यानंतर परवान्याचा कायदा आणखी घट्ट झाला. २०१६ च्या नव्या नियमांनी अर्जदाराला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची आणि प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतल्या स्वतंत्र क्रमांकाची अट घातली होतीच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका राहतील असे ठरवले, पूर्वी तीन चालत; परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली. पोलिसांचा अहवाल १९८३ च्या दुरुस्तीपासूनच बंधनकारक आहे. शहरात रिव्हॉल्व्हर मागणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला या पायऱ्या चढायला वकील आणि वेळ दोन्ही मिळतात. शेतकऱ्याला त्यासाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते.

आणि निवडणूक आली की हातातली बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. इथे मात्र न्यायालयाने शेतकऱ्याच्या बाजूला काही ठेवले आहे. २००९ मध्ये गोव्यातून मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका याचिकेवर असा निर्णय झाला की सरसकट सगळ्या परवानाधारकांना हत्यारे जमा करायला लावता येणार नाही. प्रत्येकाचा परवाना छाननी समितीने तपासायचा आणि ज्याच्यापासून धोका वाटतो त्यालाच आदेश द्यायचा. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही या छाननी समितीचा समावेश आहे. समितीत जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात.

महाराष्ट्र विधानसभेची मागची निवडणूक १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. यवतमाळात हे दिवस कापूस वेचणीचे, तूर फुलावर येण्याचे आणि हरभरा पेरणीचे. रानडुकरे आचारसंहिता पाळत नाहीत. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, ज्याच्या बंदुकीने आजवर फक्त पाखरे आणि डुकरे हाकलली, अशा परवानाधारकाला त्या पाच आठवड्यांत बंदूक जमा करण्याची नोटीस आली तर ती कोणत्या कारणाने आली हे विचारण्याचा अधिकार त्याला २००९ च्या निकालाने दिला आहे. तो अधिकार तालुक्याच्या ठाण्यात, ठाणेदारासमोर उभे राहून, एका अर्जाने वापरता येतो.